क्रेडिट कार्डाचे ऋण आणि ऋणमुक्तीचा हिशेब

माध्यमिक शाळेच्या गणितात चक्रवाढ व्याजाचा धडा असतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, उदाहरणे सोडवितात, गुण मिळवितात आणि परीक्षा संपताच सूत्र विसरून जातात. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या घरी, कपाटाच्या खणात किंवा वडिलांच्या फोनमध्ये, क्रेडिट कार्डाचे मासिक विवरणपत्र न वाचता पडलेले असते आणि त्यात तेच सूत्र दरमहा जिवंतपणे काम करीत असते. वहीतील व्याज आणि घरातील व्याज ही एकच वस्तू आहे, एवढे जरी विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले तरी हा लेख लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

उधारीचा व्यवहार आपल्या समाजाला नवा नाही. गावच्या पसरकाराकडे प्रत्येक घराची वही असे. पोदेराच्या पावांचा हिशेब महिनाअखेर होई. चवथीच्या खरेदीचे पैसे पुढल्या पगारावर ढकलले जात. आमच्या कोंकणीत ऋणाला 'रीण' म्हणतात, आणि 'ऋण काढून सण' करणाऱ्याची थट्टा मराठीत व कोंकणीत सारखीच होते. मात्र पसरकाराच्या वहीत आणि कार्डाच्या खात्यात एक मोठा भेद आहे. पसरकार बाकी वाढलेली पाहून माल देताना हात आखडता घेई, समोरासमोर विचारी, आणि बहुधा व्याज लावीत नसे. कार्ड मात्र कधी विचारीत नाही, आणि ज्याची बाकी वाढत जाते त्याच्यावर ते अधिक प्रसन्न असते.

कार्डाची पूर्वपीठिका

१९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लब या संस्थेने उपाहारगृहांचे बिल महिन्याच्या शेवटी एकदम चुकते करण्यासाठी एक कार्ड काढले. प्रारंभी ते जाड कागदाचे होते, आणि सारी रक्कम महिनाअखेर भरणे बंधनकारक होते. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी हजारो कुटुंबांना टपालाने कार्डे पाठविली. या कार्डावर बाकी पुढील महिन्यात नेण्याची सवलत होती. सवलतीचे मोल म्हणजे व्याज. भारतात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले. पुढे खाजगी व परदेशी बँकांनी हा व्यवसाय वाढविला, आणि आज लहान गावांतील नोकरदारांच्या घरांतही कार्ड पोहोचले आहे.

बाकी पुढे नेण्याची ही सवलत हेच सर्व गुंत्याचे मूळ होय. जो गृहस्थ दरमहा संपूर्ण रक्कम देय तारखेपूर्वी भरतो त्याला कार्ड ही उपयुक्त वस्तू आहे. त्याला सुमारे ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसे वापरावयास मिळतात. जो पूर्ण रक्कम भरीत नाही त्याच्यासाठी तेच कार्ड सावकार बनते.

किमान रकमेचा भुलावा

विवरणपत्रावर दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात. एक 'एकूण देय रक्कम' आणि दुसरा 'किमान देय रक्कम'. किमान रक्कम बँकेबँकेत वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी ती बाकीच्या शेकडा ५ च्या आसपास असते. किमान रक्कम भरली की विलंबशुल्क लागत नाही आणि खाते थकले असे म्हटले जात नाही. यावरून अनेक सुशिक्षित माणसेसुद्धा 'आपण या महिन्याचे बिल भरले' अशी समजूत करून घेतात. वस्तुतः त्यांनी बिल भरलेले नसून केवळ कर्ज पुढे चालू ठेवण्याची परवानगी घेतलेली असते.

आता एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाच्या कार्डावर ६०,००० रुपये बाकी आहे अशी कल्पना करा. व्याजाचा दर दरमहा शेकडा साडेतीन. हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण वर्षाला तो शेकडा ४२ होतो, आणि व्याज मुद्दलात मिळत गेले तर शंभर रुपयांचे वर्षअखेर सुमारे १५१ रुपये होतात. शिवाय या व्याजावर शेकडा १८ दराने वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. पहिल्या महिन्याचा हिशेब असा :

६०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज : २,१०० रुपये
त्या व्याजावरील कर : ३७८ रुपये
एकूण आकार : २,४७८ रुपये
भरलेली किमान रक्कम (शेकडा ५) : ३,००० रुपये
मुद्दलातून खरोखर कमी झाले : ५२२ रुपये

कुटुंबाने तीन हजार रुपये पोटाला चिमटा घेऊन भरले, आणि कर्ज हटले अवघे पाचशे बावीस रुपयांनी! याच रीतीने कुटुंब दरमहा बाकीच्या शेकडा ५ एवढेच भरीत गेले, आणि कार्डावर एका पैशाचीही नवी खरेदी केली नाही, तरी वर्षभरात सुमारे ३४,३०० रुपये भरूनही बाकी सुमारे ५४,००० उरते. मूळ कर्ज निम्म्यावर येण्यास साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. इयत्ता पाचवीत असलेला मुलगा शाळा सोडून महाविद्यालयात जाईल, तरी त्याच्या घरचे हे कर्ज अर्धेही फिटलेले नसेल.

याहून एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मागील बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. नव्याने घेतलेल्या तांदळावर आणि औषधावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. कार्डावरून रोख रक्कम काढली तर शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून. म्हणून थकलेल्या कार्डावर घरखर्च चालविणे म्हणजे गळक्या होडीतून एका बाजूने पाणी उपसावे आणि दुसऱ्या बाजूने आत घ्यावे असा प्रकार होय.

जुना सावकार आणि नवा सावकार

कर्जाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक प्रकरण प्रसिद्ध आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि कर्जखते जाळली. हे दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस साहाय्य करणारा कायदा झाला. त्या शेतकऱ्यांचे एक मोठे दुःख असे होते की ज्या खतावर ते अंगठा उमटवीत, त्यात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नसे.

आजच्या गृहस्थाला वाचता येते. तरीही कार्डाच्या अर्जावरील बारीक अक्षरातील अटी तो वाचीत नाही, आणि दरमहा येणारे विवरणपत्रही उघडून पाहत नाही. निरक्षराच्या अंगठ्यात आणि साक्षराच्या न वाचता केलेल्या सहीत परिणामाच्या दृष्टीने अंतर फारच थोडे आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात 'दामदुपट' नावाचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये असा त्याचा आशय. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम मानला होता. कार्डाच्या व्याजाला मात्र अशी ठरीव कमाल मर्यादा आज नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वार्षिक शेकडा ३० हून अधिक व्याज ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याजाचा दर कोणी बाहेरून येऊन आवरील या आशेवर राहण्यात अर्थ नाही. आवर घालावयाचा तो घरातूनच घातला पाहिजे.

ऋणमुक्तीचे उपाय

पहिला उपाय म्हणजे लपवाछपवी सोडणे. कार्डाचे कर्ज बहुधा एका माणसाच्या मनात कोंडलेले असते. पतीने पत्नीस सांगितलेले नसते, किंवा कमावत्या मुलाने आईवडिलांस सांगितलेले नसते. जोपर्यंत ते गुप्त आहे तोपर्यंत घरातील इतर माणसे पूर्वीसारखाच खर्च करीत राहतात, आणि एकटा माणूस रात्र रात्र जागतो. एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून कोऱ्या वहीत चार रकाने आखावेत : कोणाचे देणे, मुद्दल किती, व्याजाचा दर काय, आणि भरण्याची तारीख कोणती. कार्ड, वाहनकर्ज, पतसंस्थेचे कर्ज, मित्राची उसनवारी, पसरकाराची बाकी, सारे त्यात यावे. या वेळी कोणी कोणास दोष देऊ नये. मुलांनी वडिलांना जाब विचारू नये. बेरीज मात्र अवश्य करून द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे कार्डाचा वापर थांबविणे. कर्ज फिटेपर्यंत कार्ड पाकिटात न बाळगता कपाटात कुलपाआड ठेवावे आणि फोनमधील दुकानांतून त्याचा क्रमांक काढून टाकावा. बँकेकडून मर्यादा वाढविण्याचा निरोप आला तर नकार द्यावा. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढविता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ग्राहकास मर्यादा कमी करून मागता येते.

तिसरा उपाय म्हणजे हप्ता स्थिर ठेवणे. येथे गणिताचे सामर्थ्य दिसून येते. वरील उदाहरणात किमान रक्कम दरमहा घटत जाते, कारण ती बाकीच्या प्रमाणात असते. कुटुंबाने ती घटू न देता दरमहा नेमके ३,००० रुपये भरले, तर कर्ज सुमारे ४४ महिन्यांत संपते. एकूण भरणा सुमारे १ लाख ३० हजार होतो. आणि दरमहा ६,००० भरले तर १३ हप्ते व चौदाव्या महिन्यात सुमारे हजार रुपये एवढ्यात खाते निरंक होते. एकूण भरणा सुमारे ७९,०००. हप्ता दुप्पट केल्याने मुदत निम्मी न होता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली, आणि व्याज व कर मिळून सुमारे ७०,००० ऐवजी १९,००० भरावे लागले. याचे कारण असे की पहिले २,४७८ रुपये दोन्ही वेळा व्याजात व करातच जातात. त्यावरचा प्रत्येक रुपया मुद्दलावर घाव घालतो.

हे अधिकचे तीन हजार आणावयाचे कोठून? याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे. बाहेरचे खाणे, न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची वर्गणी, हप्त्यावर घ्यावयाचा नवा फोन, समारंभातील मानपानाचे कपडे, अशा गोष्टींची यादी वर्षभरासाठी बाजूस ठेवता येते. मुलांची फी, औषधे आणि सकस अन्न या गोष्टी मात्र कापू नयेत. ऋणमुक्ती ही कुटुंबाच्या हितासाठी आहे, कुटुंब ऋणमुक्तीसाठी नव्हे.

चौथा उपाय म्हणजे देण्यांचा क्रम लावणे. सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरावेतच. परंतु वर उरणारी रक्कम सर्वांत थोडी थोडी वाटून न टाकता सर्वांत महाग कर्जावर घालावी. वार्षिक शेकडा १२ दराच्या वाहनकर्जावर जादा हजार रुपये भरले तर महिन्याला सुमारे १० रुपये वाचतात. तेच हजार रुपये कार्डावर भरले तर महिन्याला व्याज व कर मिळून ४१ रुपये ३० पैसे वाचतात. काही जाणकार सर्वांत लहान कर्ज आधी फेडावे असे सांगतात. एखादे खाते लवकर बंद झाले की मनाला उभारी येते, हे खरे. हिशेबाने पाहता पहिली रीत श्रेष्ठ; परंतु ज्याचा धीर सुटत चालला असेल त्याने दुसरी अवलंबिली तरी ती काहीच न करण्यापेक्षा शतपटीने बरी.

पाचवा उपाय म्हणजे महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आणणे. अनेक घरांत एक विचित्र विसंगती आढळते. बँकेत मुदत ठेव आहे आणि कार्डावर कर्जही आहे. साठ हजारांच्या ठेवीवर शेकडा ७ दराने वर्षाला ४,२०० रुपये मिळतात; तेवढ्याच कार्डाच्या बाकीवर व्याज व कर मिळून महिन्यालाच २,४७८ जातात. अशा वेळी आजारपणासाठी थोडी शिल्लक हाताशी राखून ठेव मोडणे अथवा तिच्यावर कर्ज काढणे शहाणपणाचे ठरते. ठेव नसेल तर सोने तारण ठेवून, पतसंस्थेतून किंवा नोकरीच्या ठिकाणच्या सहकारी संस्थेतून कर्ज मिळते. वार्षिक शेकडा १२ दराने ६०,००० रुपये एका वर्षासाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ५,३३१ रुपये पडतो आणि वर्षाचे एकूण व्याज चार हजारांच्या आतच राहते. मात्र या उपायात एक धोका आहे. कार्डाची बाकी शून्य झालेली पाहून पुन्हा खरेदीचा मोह होतो, आणि मग नवे कर्ज व जुने कार्ड अशी दोन ओझी खांद्यावर येतात. सोन्याचा हप्ता थकला तर दागिना लिलावात जातो, हेही विसरू नये. म्हणून दुसरा उपाय पक्का झाल्यावाचून पाचव्यास हात घालू नये.

हप्ताच भरता येत नसेल तर

नोकरी जाणे, आजारपण, मृत्यू अशा प्रसंगी किमान रक्कमही भरता येत नाही. अशा वेळी फोन बंद करून बसण्याने काही साधत नाही. बँकेस लेखी कळवावे आणि बाकीचे हप्ते पाडून कमी दराने फेड करण्याची सोय मागावी. काही प्रकरणी बँक कमी रकमेवर तडजोड करते. परंतु अशी तडजोड पतविषयक नोंदीत तशीच लिहिली जाते आणि पुढे घरकर्ज किंवा शिक्षणकर्ज मिळण्यास अडथळा होऊ शकतो. तडजोड झालीच तर पत्र हाती आल्यावाचून पैसे भरू नयेत.

वसुलीच्या माणसांविषयी पुष्कळ घरांत भय असते. ऋणकोलाही अधिकार आहेत हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ च्या नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांना वा मित्रांना त्रास देऊन त्याची अब्रू काढू नये. असे घडल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यास कोणतेही शुल्क लागत नाही. पैसे देणे लागतो म्हणून माणूस आपली प्रतिष्ठा गहाण टाकीत नाही.

ऋण फिटल्यानंतर

बाकी शून्य झाली की काम संपले असे नव्हे. कार्ड नको असेल तर ते बंद करण्याचा अर्ज करावा. बाकी नसताना बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत खाते बंद न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावेत, असा नियम २०२२ साली घालून देण्यात आला. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून खाते खरोखर निरंक दाखविले आहे की नाही हे पडताळावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो हप्ता दरमहा बँकेस जात होता तो बंद झाल्यावर खर्चात विरू देऊ नये. वर्षभर तोच हप्ता स्वतःच्या बचतखात्यात भरावा. पहिल्याच वर्षी निदान दोन महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी उभी राहू शकेल. पुढील आजारपणात कार्ड बाहेर काढण्याऐवजी ही गंगाजळी कामास येईल, आणि कर्जाचे चक्र जेथून सुरू होते तेथेच ते थांबेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना अठरा वर्षे पूर्ण होऊन नोकरी लागताच कार्ड देऊ करणारे फोन येतील. कार्ड घेणे हे पाप नव्हे आणि न घेणे हे पुण्यही नव्हे. घ्यावयाचे असेल तर एकच पथ्य पाळा : जी रक्कम आज बचतखात्यात आहे तेवढीच कार्डावर खर्च करा, आणि विवरणपत्रातील 'किमान' हा शब्द आपल्यासाठी लिहिलेलाच नाही असे समजा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जुनी असली तरी अंथरुणाची लांबी मोजण्याचे साधन तुमच्या गणिताच्या वहीतच आहे.

स्वाध्याय

१. कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहे. व्याज दरमहा शेकडा ३, त्या व्याजावर कर शेकडा १८. कुटुंबाने २,००० रुपये भरल्यास मुद्दलातून किती रुपये कमी होतील?

२. एका दुकानात १५,००० रुपयांचा फोन रोखीने घेतल्यास १,००० रुपये सूट मिळते. 'बिनव्याजी हप्त्याने' घेतल्यास सूट नाही, शिवाय २०० रुपये शुल्क व त्यावर शेकडा १८ कर द्यावा लागतो. हप्त्याने घेणाऱ्यास एकूण किती रुपये अधिक पडले? अशा हप्त्यास 'बिनव्याजी' म्हणणे योग्य आहे काय?

३. घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने एक विवरणपत्र वाचा, आणि त्यातील व्याजाचा मासिक दर, देय तारीख व किमान रक्कम शोधून काढा.

(उत्तरे : १. ५८४ रुपये. २. १,२३६ रुपये.)